शितोळे काकांचा जर्क मसाला

आमच्या चौथ्या मजल्यावरचे शितोळे काका मसाला स्वतः चाखत नाहीत. तो ते दुसऱ्यांच्या नाकांवर तपासतात. मिरच्या भाजून झाल्या की दार सताड उघडं ठेवून जिन्यात उभे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, "शिंक आली का? कुठल्या मजल्यावर आली?" दुसऱ्या मजल्यापर्यंत शिंक पोचली तर मसाला बेताचा; खाली तळमजल्यावर माझ्या दारापर्यंत आली तर जमला. मी शिंकले की ते वरून "धन्यवाद, बाई!" म्हणतात. कोथरूडात माझ्या शिंकेची एवढी कदर दुसऱ्या कुणीही केलेली नाही.

काका वीजखात्यातून निवृत्त झाले आणि काकू गेल्यानंतर स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात आलं. काळा मसाला, कांदा-लसूण मसाला, सगळं घरी. मसाला कितीही चांगला झाला तरी "अजून बसला नाही" हे त्यांचं ठरलेलं. आपण मात्र तसं म्हणायचं नाही. आमच्या ह्यांनी एकदा म्हटलं, तर दिवाळीपर्यंत आमच्याकडे बरणी आली नाही.

यंदा त्यांनी जर्क मसाल्याचा ध्यास घेतला. जमैकाचा मसाला, कोंबडीच्या पंखांना चोळून निखाऱ्यावर भाजतात. मी म्हटलं, काका, आपल्याला काय कमी आहे? तेव्हा ते जिन्यातच पायरीवर बसले.

त्यांची एकुलती एक मृणाल कॅनडात असते. तिथेच तिने डेव्हन नावाच्या जमैकन मुलाशी लग्न केलं. "पोरीने विचारलं नाही, नुसतं कळवलं," म्हणून काका लग्नाला गेले नाहीत. सोसायटीत गुडघ्यांचं कारण सांगितलं. त्यानंतर बापलेकीचं फोनवर बोलणं तब्येत आणि हवामान एवढ्यावर आलं होतं. आता ती नवऱ्याला घेऊन पहिल्यांदाच येणार होती, आणि त्याला आवडतात ते हे पंख.

"बाई, हे बिघडलं तर पोरगी परत यायची नाही," काका म्हणाले.

मग काय, मीही कामाला लागले. मोबाईलवर कृती शोधून त्यांना मराठीत वाचून दाखवली. त्यात ऑलस्पाइस नावाचा दाणा लागतो. काका तो मागायला रविवार पेठेत गेले, तर दुकानदाराने विचारलं, "सगळे मसाले? टेम्पो आणलाय का?" शेवटी दाणा मिळाला एका नर्सरीवाल्याच्या ओळखीने. थाइम नावाचा पाला हुंगून काकांनी "हा तर ओव्याचा चुलतभाऊ" असा निकाल दिला. तिथली मिरची इथे कुठून मिळणार, म्हणून लवंगी घेतली. इथवर ठीक होतं. पण कृतीत कांद्याची पात, मिरची, लिंबू सगळं कच्चंच वाटायचं होतं. काकांनी ते इमानेइतबारे ऐकून घेतलं आणि सगळं भाजलं. वर सुकं खोबरं आणि दगडफूल घातलं. मी बोलायला गेले, तर म्हणाले, लिहिणारा विसरला असेल.

मंडळी आली त्या संध्याकाळी गच्चीवर शेगडी पेटली. काका बनियनवर, हातात चिमटा. डेव्हन चांगला उंचापुरा, हसरा मुलगा. त्याने पंख खाल्ला, दुसरा खाल्ला, बोटं चाटली. मृणाल त्याच्याकडे बघत होती, काका तिच्याकडे. डेव्हन सरळ माणूस. इंग्रजीत म्हणाला, फारच सुंदर झालंय, पण हा जर्क नाही.

मी मनात म्हटलं, संपलं. आता दगडफुलावर व्याख्यान. पण काकांनी चिमटा खाली ठेवला.

"बाई, त्याला इंग्रजीत सांगा. मसाला चुकला ते सोडा. मी लग्नाला आलो नाही, ते चुकलं. फार चुकलं."

मृणाल हातभर अंतरावर उभी होती. तिच्याकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण एवढी साधी वाक्यं माझ्या तोंडून धड बाहेर पडेनात. कशीबशी सांगितली. डेव्हन म्हणाला, लग्नात माझ्या आईने तुमच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवली होती, अजूनही ती तुमची चौकशी करते. तिकडे आत्ता सकाळ आहे, व्हिडिओ कॉल लावू का? मसाल्याचं तीच सांगेल.

"विहीणबाईंसमोर असा?" काकांनी बनियनकडे बघितलं आणि गुडघे विसरून जिना उतरले. आम्ही पंख उलटत बसलो. वर आले ते निळा सूट घालून, टायसकट. एप्रिलचा उकाडा, समोर शेगडी, आणि हे घामाने निथळतायत.

"बाबा, हा सूट कधी घेतला?" मृणालने विचारलं.

"तुझ्या लग्नासाठी शिवला होता. त्या दिवशी घालून घरीच बसलो."

मृणाल पुढे झाली, त्यांचा वाकडा झालेला टाय सरळ केला आणि तिथेच त्यांचा दंड धरून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, आणि त्यात धुराचा काही दोष नव्हता.

फोनवर डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली एक बाई दिसली. काकांनी हात जोडले.

"नमस्कार, विहीणबाई. यायला उशीर झाला."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते मृणालनेच इंग्रजीत सांगितलं.