सात नंबरची चिंबोरी

सात नंबरची चिंबोरी एकवीस दिवस जागची हलली नव्हती, आणि समिती नेमकी आजच यायची होती.

महरीनने लॅपटॉपवरचा नकाशा पुन्हा एकदा मोठा करून पाहिला. भाट्याच्या खाडीतल्या दहा चिंबोऱ्यांच्या, म्हणजे मोठ्या खेकड्यांच्या, पाठीवर तिने स्वतःच्या हाताने बटणाएवढी यंत्रं चिकटवली होती. पावसाळा संपला की माद्या खाडीतून कुठे नाहीशा होतात, हे तिला शोधायचं होतं. नऊ यंत्रं एकेक करून मुकी झाली. उरली सातवी, आणि तिचा लाल ठिपका चिखलात ठाण मांडून बसला होता.

"मेली असणार," ओमकार म्हणाला. यंत्रं त्याने बनवलेली. चिंबोरीचं काहीही होवो, यंत्र जिवंत आहे, यातच त्याचं समाधान होतं.

नऊ वाजता पुण्याहून समितीतर्फे एकट्या ज्ञानेश्वरी मॅडम आल्या. भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. प्रकल्प पुढे दोन वर्षं चालवायचा की आजच बंद करायचा, हे त्यांच्या एका सहीवर होतं.

"हलत का नाही ही?"

"विश्रांती घेतेय, मॅडम."

"एकवीस दिवस?"

तेवढ्यात ठिपका हलला. खाडीतून बाहेर पडला आणि थेट समुद्राला लागला. महरीनने ठिपक्यावर बोट ठेवलं. म्हणजे माद्या समुद्रात जातात! मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "वेग किती?"

ओमकारने आकडे पाहिले. "ताशी बारा किलोमीटर."

"चिंबोरी इतकी पोहते?"

"प्रवाह जोराचा असेल," महरीन घाईघाईने म्हणाली. पण ठिपका वळसा घालून मिरकरवाड्याच्या बंदरात शिरला, तासभर थांबला आणि मग सरळ जमिनीवर चढला. वेग ताशी पंचवीस. आता प्रवाहाचं नाव घ्यायचीही सोय उरली नाही.

"चला, प्रत्यक्षच बघू," मॅडम म्हणाल्या आणि पर्स घेऊन उठल्यासुद्धा.

रामाच्या रिक्षात तिघं दाटीवाटीने बसली. महरीनने छोटी अँटेना बाहेर धरली.

"टीव्ही कुठं बसवायचाय?" रामाने विचारलं.

"चिंबोरीच्या मागे जायचंय."

रामाने आरशातून तिघांकडे नीट पाहून घेतलं. मग रिक्षा चालू केली. पुढच्या चौकात मात्र तो अडला. "तुमची चिंबोरी वन-वेतनं गेली असंल. मी नाय जायचा. मामा उभा हाय थितं."

वळसा पडला, वाटेत गर्दीही लागली, तासभर गेला. पण अँटेनाचा टूं टूं आवाज वाढत चालला, आणि तसतसा महरीनचा चेहरा उतरत गेला. ही गल्ली तिच्या ओळखीची होती. हे वळणही. हे निळं फाटक तर ती रोजच उघडायची.

"इथंच आहे!" ओमकार ओरडला.

"माहीत आहे," महरीन पुटपुटली. "माझं घर आहे."

स्वयंपाकघरात तिची आई हाजरा चुलाण्यासमोर उभी होती. "अगो, पाव्हणे आणलंस? बरं झालं, चिंबोऱ्याच केल्यात. एक तर एक्सपोर्टची हाय! पाठीवर काळं बटण हाय नव्हं, मासेवाली म्हणाली, दुबईला जाणारा माल. म्हणून भाव पण जास्त लावलान तिनं."

"अम्मी! ती माझी सात नंबरची होती!"

"मग मला कधी दाखवलीस? घरी आलीस की कॉम्प्युटर उघडून बसतेस."

महरीनने डोळे मिटून घेतले. तीन वर्षांचं संशोधन टोपात शिजत होतं. ओमकारने मात्र कान टवकारले. टोपाकडे वळलेल्या अँटेनातून अजून टूं टूं येत होतं. "किती वेळ उकळतेय, चाची?"

"अर्धा तास झाला असंल."

"मी साठ अंशांपर्यंतच हमी दिली होती!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मॅडमनी टोपावर झाकण ठेवलं. आवाज बंद. उचललं, टूं टूं. पुन्हा ठेवलं, पुन्हा बंद. "धातू लहरी अडवतो," त्या लहान मुलीसारख्या हसल्या. "चाळीस वर्षं फळ्यावर शिकवलं, पण असं कधी करून दाखवलं नाही!"

"बाई, आधी जेवा, मग खेळा," हाजरा म्हणाली. "आणि ही मादी हाय, अंड्यांनी भरलेली. पाऊस सरला की ह्या खाडीच्या तोंडाकडं सरकतात, थितनं समुद्रात जातात अंडी घालायला. मिरकरवाड्यात कुणालाही विचारा."

महरीनने डोळे उघडले. मॅडमनी वही काढली.

तिसऱ्यांदा रस्सा घेताना मॅडमनी निर्णय सांगितला. प्रकल्पाला दोन वर्षं मिळतील, पण एका अटीवर. हाजराबी प्रकल्पाच्या स्थानिक सल्लागार होतील आणि प्रत्येक अहवालावर त्यांची सही लागेल.

सहा महिन्यांनी महरीनने चौऱ्याऐंशी पानांचा अहवाल घरी आणला. हाजराने चष्मा लावून पहिली दोन पानं वाचली आणि अहवाल परत केला.

"नाय चालायचा. उद्या पहाटंच बंदरावर जा, जाळीवाल्या बायांना विचार, मग लिही."

"अम्मी, तू माझी आई आहेस की गाईड?"

"गाईड," हाजरा चष्मा काढत म्हणाली. "आई असते तर कधीच सही ठोकली असती."