भिकननाना भिंत चाटतात

भिकननाना भिंत चाटतात. आधीच सांगून ठेवतो. उद्या तुम्ही सुरतेत घर घ्यायला निघालात आणि डिंडोलीतल्या कुणी तुमच्याबरोबर नानांना धाडलं, तर मनाची तयारी असलेली बरी. माझी नव्हती.

आम्ही पहिलंच घर बघत होतो. घरमालकीणबाई ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या, कारण त्यांच्या बेडरूममध्ये एक सत्तरीचे गृहस्थ उकिडवे बसून भिंतीच्या पायथ्याची पांढरी भुकटी बोटानं टिपून जिभेवर ठेवत होते. नानांनी डोळे मिटले, चव घोळवली आणि जाहीर केलं, "खारट." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, पुट्टी फिकी लागते. ही खारट शे. भिंत पाणी पिते. बघा, तुम्ही पण बघा." मी शाळेत गणित शिकवतो. मी लोकांच्या भिंती चाखत फिरत नाही. पण इतक्या लोकांदेखत म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणवेना, आणि खरं सांगतो, खारट होती.

नाना आमच्या मागच्या गल्लीत राहतात. मूळचे खानदेशातले, धरणगावकडचे. उमेदीची सगळी वर्षं उधन्याला लूमच्या खात्यात गेली. खातं म्हणजे इथे कारखाना. मी साताऱ्याहून नवा आलो होतो तेव्हा 'खात्यात जातो' म्हटलं की मला वाटायचं, काय ही माणसं रोज बँकेत जातात. नाना तिथे मास्टर होते. सगळे माग एकदम खडखडत असताना कुठला बिघडलाय ते आवाजावरून सांगायचे. त्या खडखडाटात उजवा कान गेला. उरलेला डावा त्यांनी रिटायर झाल्यावर भिंतींना देऊन टाकला. आता आमच्या भागात कुणी घर घ्यायला निघालं की लोक एकच विचारतात, "नानांना दाखवलं का?" नाना त्याचं काही घेत नाहीत. चहा घेतात, तोही सगळं बघून झाल्यावर.

आमचं प्रकरण घाईचं होतं. आईला दमा आहे. आमची भाड्याची जागा तळमजल्याची. पावसाळ्यात भिंतींना ओल चढायची आणि आईच्या छातीत शिट्टी वाजायला लागायची. मागच्या श्रावणात तिला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, औषधं मी देतो, पण आधी जागा बदला. म्हणजे पावसाच्या आत कोरडं घर हवं होतं आणि मार्च अर्धा सरला होता. त्यात मी मुळातच धीर नसलेला माणूस. चहा गार व्हायचीही वाट मला बघवत नाही, तोंड भाजून घेतो. बायको म्हणते, तुमचा आणि नानांचा जोडा म्हणजे एका गाडीला पुढे इंजिन आणि मागे ब्रेक.

माणसं घर बघायला गेली की हॉल किती ऐसपैस, झोपाळा कुठे टांगायचा ते बघतात. नाना चपला काढून सरळ बाथरूममध्ये शिरतात. खिशातून बेअरिंगची एक लोखंडी गोळी काढून फरशीवर सोडतात. गोळी जाळीकडे गेली तर ठीक. दाराकडे आली तर पाणीही तिकडेच येणार. मग चावीनं एकेक फरशी वाजवतात, कुठे पोकळ आवाज येतो का ते ऐकत. मग फर्मान सुटतं, "सगळे लाइट बंद करा." भर दुपारी पडदे ओढून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरतात आणि त्या तिरक्या उजेडात जिथे जिथे रंगाला फुगारा आलाय तो दिसायला लागतो. एरवी त्याच भिंतीला मी 'छान आहे हो' म्हणून आलेला असतो.

त्यांचा सगळ्यात जास्त राग कपाटांवर आणि कॅलेंडरांवर. "कपाट सरकवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि दुसरं, "का बरं?" एकाच भिंतीला नवा रंग? का बरं? एवढ्या खाली कॅलेंडर? का बरं? एका घरात देवांची तसबीर अशीच आडबाजूला लावलेली होती. नानांनी हात जोडले, "माफी असू दे" म्हणाले आणि तसबीर उचलली. मागे हिरवी बुरशी. घरमालक देवालाच रागे भरल्यासारखा बघत राहिला.

वरच्या घराचं दुखणं खालच्याला माहीत असतं, म्हणून खालच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवायची, ही त्यांची आणखी एक पद्धत. एकदा अशीच बेल वाजवली. त्या घरात लग्नाची मुलगी. त्या दिवशी कुणीतरी बघायला यायचं होतं म्हणे. आम्हाला हाताला धरून आत बसवलं, पोहे आले, मुलगी आली. मी घाबरून वृंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन लावायला निघालो. नाना शांतपणे पोहे खात छताकडे बघत होते. मुलीकडे एकदाही नाही. शेवटी मुलीच्या वडिलांना राहवेना. ते म्हणाले, "हे पाहा, काय असेल ते स्पष्ट सांगा, आम्हाला वाईट वाटणार नाही." नाना म्हणाले, "वरून गळतंय."

आमचा दलाल जिग्नेशभाई तर नानांचं नाव काढलं तरी कपाळाला हात लावायचा. "साहेब, ए डोसाने साथे ना लावता," असं त्यानं मला हात जोडून सांगितलं. डोसा म्हणजे म्हातारा, त्याला बरोबर आणू नका असं. पण आईनं ठरवून टाकलं होतं की भिकनभाऊंनी बघितल्याशिवाय ती कुठल्याही घरात पाऊल टाकणार नाही.

सगळ्यात वैताग याचा की नाना कधी 'घ्या' म्हणत नाहीत. नऊ घरं बघितली. प्रत्येक वेळी मी विचारायचो, "मग नाना, काय करू?" ते म्हणायचे, "मी दोष सांगतो. घ्यायचं की नाही ते घेणाऱ्यानं बघावं. आणि कागद वकिलाला दाखवा, मी भिंतीचा माणूस." असला माणूस असतो का? पेपर तपासायचा सगळा, आणि मार्क द्यायचेच नाहीत.

मग एप्रिलमध्ये ते दहावं घर आलं. तिसरा मजला. वर दोन मजले, म्हणजे गच्चीचं पाणी उतरायची भीती नाही. जमिनीपासून उंच, म्हणजे खालून ओल चढायची भीती नाही. नाना तीन दिवस जात होते. गोळी जाळीकडे गेली. फरशी एकसारखी वाजली. बाथरूमच्या जाळीत फडकं कोंबून त्यांनी टाचभर पाणी भरलं, कडेला खडूनं रेघ ओढली, कुलूप लावलं आणि दुसऱ्या दिवशी खालच्यांच्या छताला हात लावून आले. छत कोरडं. खडूची रेघ होती तिथेच पाणी. कपाट सरकवायला कपाटच नव्हतं, घर मोकळं होतं. मी मनातल्या मनात आईची खाटसुद्धा लावून टाकली.

"मग, नाना?"

"बघू."

"आता काय बघायचं राहिलं?"

नाना खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "सर, एक चोमासा जाऊ द्या. पाऊस झाल्यावर भिंत कशी वागते ते बघू, मग घ्या."

माझं डोकंच फिरलं. ज्या पावसापासून पळतोय तो पाऊस काढून मग घर घ्यायचं? तिकडे जिग्नेशभाईचा निरोप आलेला, रविवार संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवा, दुसरी पार्टी तयार आहे. आणि आई म्हणते भिकनभाऊ काय म्हणतील ते. मी दोन रात्री धड झोपलो नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर घरी न जाता तडक नानांच्या गल्लीत शिरलो. आज चार गोष्टी सुनावायच्याच, असं ठरवून गेलो होतो.

नानांच्या घरी मी त्याआधी कधी गेलो नव्हतो. ते कुणाला बोलवत नसत. बैठं घर, दोन खोल्या. दार उघडंच होतं आणि आत एक तरुण जोडपं उभं होतं. घर बघायला आलेलं. नाना स्वतःचं घर विकायला काढतायत हे मला ठाऊकच नव्हतं. त्या माणसाचा हात धरून नानांनी तो आतल्या खोलीच्या भिंतीवर ठेवला होता. भिंत कमरेपर्यंत काळपट, पोपडे आलेली.

"भेज," नाना म्हणाले. "गुजरातीत भेज. हिंदीत सीलन. आमच्यात ओल. समझे? क्या समझे, बताओ."

तो बिचारा गोंधळला. "बारिश में दीवार गीली होती है."

"और?"

"और... इधर सोने का नहीं."

"बराबर," नाना म्हणाले. त्याच्या बायकोनं पदर सावरला, दोघांनी नमस्कार केला आणि ते जोडपं निघून गेलं. नानांनी माझ्यासाठी स्टूल ओढलं. "काय व्हयनं, सर? चेहरा असा का?"

मी आलो होतो भांडायला. पण तोंडातून निघालं, "नाना, असं सांगितलं तर घर विकलं जाईल का कधी?"

"नाही जात. मुलगा पुण्याहून फोन करतो, पप्पा, रंग मारा अन् गप्प बसा." नाना हसले. मग त्या भिंतीकडे वळले आणि त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो.

"हे घर घेतलं तेव्हा मला गुजराती येत नव्हतं. अहिराणी यायची, अन् खात्यात शिकलेली तोडकीमोडकी हिंदी. मालक काका भला माणूस. त्यानं या भिंतीकडे बोट करून सांगितलं, 'भाई, चोमासामां भेज आवे छे.' मला काय कळणार? भेज म्हणजे हिंदीतलं भेजना. मला वाटलं, पावसाळ्यात इथून म्युनिसिपाल्टी पाणी भेजते. नळ असेल भिंतीत. आपल्याकडे गावाला बायांनी मैलभर पाणी आणायचं, अन् इथं घरात पाणी पाठवतात. मी खूश. म्हटलं, भेजने दो काका, अच्छा है. काका माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. त्याला वाटलं असंल, काय मोठ्या मनाचा माणूस आहे."

मला हसू आलं. नानाही हसले.

"लीलाला, म्हणजे घरवालीला, मी सांगितलं, घेऊ या, चांगलं घर आहे. तिची खाट याच भिंतीला होती. तिसऱ्या पावसाळ्यात खोकला लागला. मी म्हणायचो, सुताची धूळ असंल माझ्या कपड्यांची. बावीस वर्षं खोकत होती, सर. डॉक्टरनं दमा सांगितलं तेव्हा कुठं मी ही खाट हलवली. आता आठ वर्षं झाली तिला जाऊन. मालकानं फसवलं नाही हो. त्यानं सांगितलं होतं. मला समजलं नाही."

मी त्या भिंतीवर हात ठेवला, तर पोपडा हाताला आला.

"तुमचं घर चांगलं आहे," नाना म्हणाले. "मी तीन दिवस शोधलं, एक दोष नाही. पण 'घ्या' म्हणायची मला भीती वाटते. एकदा म्हटलं होतं."

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "उद्या मला तिकडे ने. आणि भिकनभाऊंना बोलाव. जेवण झाल्यावर, सावकाश येऊ दे म्हणावं."

रविवारी दुपारी आम्ही तिघं त्या मोकळ्या घरात गेलो. वृंदानं आईला बसायला सतरंजी दिली होती. आई आतल्या खोलीत बसली. नानांनी खिडकी लावली, दार लावलं. तासभर तसंच बंद खोलीत बसायचं होतं. मी एरवी पाच मिनिटं एका जागी बसत नाही. त्या दिवशी बसलो. मग नाना उठले, आईच्या मागे हातभर अंतरावर गुडघे टेकून बसले आणि डावा कान तिच्या पाठीकडे केला.

"ताई, जरा श्वास घ्या. मोठा."

आईनं घेतला.

"अजून."

तिनं घेतला. नानांनी डोळे मिटले होते. कपाळावर घाम होता.

"घ्या," ते म्हणाले.

आईनं आणखी एक मोठा श्वास घेतला.

"श्वास नाही हो ताई," नाना म्हणाले. "घर. घर घ्या."

आईनं वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "घेते, भिकनभाऊ. तुम्ही बसा आता." नाना जागचे उठले नाहीत, नुसते मागे सरकले आणि भिंतीला पाठ टेकून बसले. इतकी घरं त्यांच्याबरोबर पालथी घातली, पण नानांना भिंतीला टेकलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.