गिलक्याचा वेल, पानं द्राक्षाची

आमचे धुडकूनाना रोज सकाळी प्लास्टिकच्या वेलाला पाणी घालतात. थट्टा नाही. तांब्या भरून आणतात, धोतर वर खोचतात आणि कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पानापानावर शिंपडत जातात. रस्त्यानं जाणारे हसतात. नानांना त्याचं काही नाही.

मी त्यांच्या शेजारचा. त्यांचं अंगण, माझं अंगण, मधे सागाच्या फळ्यांचं जुनं कुंपण. शाळेत मी चौथीच्या पुढं गेलो नाही, पण प्लास्टिकला पाणी लागत नाही एवढं मला कळतं. एकदा कुंपणावरून विचारलं, "नाना, कसाले हो?"

"धूळ बसस."

"मंग फडकं मारा."

"आबा, तू तुना दात घास."

हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. मत मागायला आलेल्या पुढाऱ्यालाही त्यांनी भरदुपारी हेच सांगितलं होतं.

मूळ हकीकत अशी. या कुंपणावर आधी खरा गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल होता, नानांच्या बायकोनं, आमच्या अक्कांनी, लावलेला. पहिलं गिलकं तोडलं की ते कुंपणावरून आमच्या घरी यायचं, त्यांच्या चुलीवर दुसरं. कोणी ठरवलं नव्हतं, रीत पडून गेली. मग सुरतेला मुलाच्या घरी बाळ झालं आणि अक्का ते सांभाळायला गेल्या. रिक्षात बसताना नानांना एवढंच म्हणाल्या, "येल सुकू देऊ नका. तो हिरवा शे तवलगून मनं घर आठेच शे."

झालं! वेल हिरवा तोवरच अक्कांचं घर इथं, याचा नानांनी धसका घेतला. सकाळी पाणी, दुपारी पाणी, दिवे लागताना पाणी. मी बोललो, "नाना, येल शे तो, म्हैस नही."

"दात घास!"

मुळं सडली. वेल गेला. तिकडं बाळ चालायला लागलं तरी अक्का परतायचं नाव घेईनात, आणि रोज सकाळी मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून विचारायच्या, "पानी टाकं का?"

मग एका सकाळी नाना कुंपण खरवडायला बसले. हललेल्या फळ्या ठोकल्या, उधई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून गाडीचं जळकं ऑइल फासलं, आणि मंडपवाले लावतात तसला हिरवा वेल जळगावहून आणून तारेनं बांधला. कुंपण असं सजलं की लग्नघर समजून एक पाहुणा पिशवीसकट आत शिरला.

मी जवळ जाऊन पान बघितलं. "नाना, हाऊ त द्राक्षना येल शे!"

"लांबून गिलकंच दिसस. मोबाईल मी लांबच धरस."

"आन पानी?"

"ती इचारस ना रोज, पानी टाकं का. आते मी तिनासंगे खोटं बोलू का?"

मी दात घासत उभा राहिलो.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का आल्या. भर उन्हाळा, आमच्या पाचोऱ्यात गवताची काडी हिरवी नाही आणि आमचं कुंपण हिरवंगार. अक्का रिक्षातून उतरल्या त्या थेट कुंपणापाशी गेल्या. नाना त्यांची पिशवी धरून मागं उभे, मान खाली. अक्कांनी एक पान बोटांत धरलं. पदरानं पुसलं. मग वाकून खालची माती बघितली. ओली होती.

"आज पानी टाकेल शे वाटतं," त्या म्हणाल्या.

"रोज टाकस," नाना म्हणाले.

सणाचे दिवस अक्कांनीच सकाळी तांब्या हातात घेतला. नाना ओट्यावर बसून बघत राहायचे, चहा गार व्हायचा. मग नातू लहान शे म्हणून त्या परत सुरतेला गेल्या.

आता त्यांना सगळं माहीत आहे. तरी सकाळ झाली की मोबाईलमधून आवाज येतो, "पानी टाकं का?" फरक एवढाच, नाना आता मोबाईल लांब धरत नाहीत.

मागल्या आठवड्यात नाना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जळगावला निघाले. कुंपणापाशी थांबून म्हणाले, "आबा, मी येस तवलगून..." आणि तांब्या कुंपणावरून माझ्या हातात दिला.

"जा हो तुम्ही. तुमना दात घासा."

दुसऱ्या दिवशी मी तांब्या भरला आणि या टोकापासून सुरुवात केली. रस्त्यावर माणसं होती. हसली. हसू द्या. तिकडं दवाखान्यात अक्कांचा फोन येणार, आणि नानांना खोटं बोलता येत नाही.