रिकामं गेलं तरी तेल जळतेच

साकोलीतले आमचे शेजारी रामटेकेकाका जवसाच्या चटणीची वाटी घेऊन आले, की ती भरून मिळेपर्यंत उठत नाहीत. बायको म्हणते, "काका, उद्या देते धुऊन." काका पायरीवर अधिकच ऐसपैस बसतात.

"वाटी रिकामी धाडाची नाही, सूनबाई. रिकामं गेलं तरी तेल जळतेच."

एकदा घरात काहीच नव्हतं, तर तिने वाटीत चार लवंगा टाकल्या. काका समाधानाने गेले.

हा रोग त्यांना नोकरीत जडला. विमानं भाड्याने देणाऱ्या नागपूरच्या एका कंपनीत ते उड्डाणांचे कागद सांभाळत. एखाद्या शेठला पुण्याला सोडलं, की विमान बरेचदा रिकामंच परतायचं. वैमानिक तोच, इंधन जवळपास तेवढंच, खुर्च्या मात्र मोकळ्या. आयुष्यभर असल्या कागदांवर सह्या करून काकांच्या डोक्यावर परिणाम झाला, असं माझं प्रामाणिक मत होतं. निवृत्त होऊन साकोलीला आले नि गावातलं एकही वाहन सुखाने रिकामं जाऊ देईनात. नवरीला सोडून परतणाऱ्या गाडीत अनोळखी माणसं बसवत. माझ्या स्कूटरची मागची सीट मोकळी दिसली, की "मास्तर, थांबा!" अशी हाक येई आणि मी शाळेत पोचायचो तो मागे तांदळाचं पोतं घेऊन. पुढे पुढे मी मागच्या गल्लीने जाऊ लागलो.

अशातच पुण्याला ताईकडे गेलेली आई पडली. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, पण आईने जेवण जवळजवळ सोडलं. "मले घरी न्या," एवढंच म्हणायची. डॉक्टर म्हणाले, रेल्वेचा किंवा रस्त्याचा एवढा प्रवास नको. विमान चालेल, पण पाय लांब करून टेकता आलं पाहिजे. तसलं विमान आम्ही कुठून आणणार? ताईचा फोन ठेवला की मला रडू यायचं.

काकांना कळलं तसे ते दारात उभे राहिले. "मायले तिथं कायले ठेवलं?" म्हणाले, आणि जुन्या कचेरीत फोन लावू लागले. रोज सकाळी एकच प्रश्न: "पुण्याहून रिकामं येऊन राहिलं का काही?"

नवव्या दिवशी मिळालं. रिकामं यायचं म्हणून भाडंही आमच्या आवाक्यात बसलं. मी लगेच ताईला फोन लावला.

आईला आणायला नागपूरला गाडी केली. जाताना काका नि मी दोघेच, बाकी गाडी मोकळी. काकांना ते कसं सोसावं? त्यांनी कॉलेजच्या दोन पोरी नि एक शिलाई मशीन चढवलं. मशीन भंडाऱ्याजवळच्या शहापूरला उतरवलं, तोवर ते माझ्या मांडीवर होतं.

विमानतळावर ताईने चाकाच्या खुर्चीतून आईला बाहेर आणलं. मला पाहून आई खेकसली, "एवढं मोठं विमान, अन् आम्ही दोघीच? कोणाले तरी आणाचं होतं ना रे!"

काकांचा चेहरा उजळला. मी कितीतरी दिवसांनी पोटभर हसलो.

परतताना आईला डोळा लागला. भंडारा मागे पडलं, तेव्हा काका पुढच्या सीटवरून रस्त्याकडे बघतच बोलले.

"तुमची काकू मुंबईले दवाखान्यात होती, मास्तर. साकोलीले ने म्हणे. त्याच हप्त्यात आमचं विमान तिथून रिकामं आलं. कागदावर सही माझीच. साहेबाले विचाराची लाज वाटली मले."

काकू तिकडेच गेल्या, एवढं मला माहीत होतं.

"विचारलं असतं तर?"

"हो म्हटलं असतं. साहेब चांगला होता."

मागच्या गल्लीने जाणाऱ्या माझीच मला लाज वाटली.

घरी बायकोने आईवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळे आईभोवती जमले, नि काका दारातूनच वळले. आईने खाटेवरून पाहिलं.

"तो मानूस तसाच गेला काय रे? जेवाले बोलाव त्याले."

काका आले, ते अर्थातच वाटी घेऊन. आईने त्या चटणीशी दोनदा भात मागून घेतला. काका तिच्याशी काकूंबद्दल बराच वेळ बोलत बसले, आणि जाताना रिकामी वाटी आमच्याकडेच विसरून गेले.