किमान, मध्यम, संपूर्ण

माणसापुढे निवड नीट मांडून ठेवली की चूक होऊच शकत नाही, हा उद्धवरावांचा सिद्धान्त होता. पॉलिटेक्निकात तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेला माणूस सिद्धान्तावाचून अंघोळीलाही जात नाही. त्यांनी तुरीच्या मापाची चिठ्ठी छापणारा प्रोग्राम लिहिला, आणि तो संगणकात बसवताना दिसणाऱ्या पहिल्या पडद्यावर महिनाभर घाम गाळला. पर्याय तीन: किमान, मध्यम, संपूर्ण. प्रत्येकाखाली खुलासा. खुलाशाखाली टीप.

आळंदचे आडतदार हणमंतप्पा हे पहिले गिऱ्हाईक, तेही फुकट. सोमवारी हंगामातली पहिली तूर उतरणार होती. तिथे जमले की उरलेला बाजार आपल्या दारी, असा उद्धवरावांचा बेत.

सोमवारी सकाळी फोन आला. काटा वजन दाखवत होता, पण चिठ्ठी काही केल्या निघेना, आणि टेम्पोंची रांग पार रस्त्यावर गेली होती. उद्धवराव उपाशीपोटी धावले. पाहतात तो पडद्यावर 'किमान'. त्यात नुसते वजन दिसते, चिठ्ठी मिळत नाही, असे टिपेत स्वच्छ लिहिले होते.

"किमान कामून निवडलंत?"

हणमंतप्पा ओशाळले. "सर, तुम्ही फुकट द्यायलाव. पहिल्याच खेपेला समदं घ्यावं का माणसानं? बरं दिसतंय का ते?"

उद्धवरावांनी 'संपूर्ण' बसवले, चिठ्ठ्या निघू लागल्या, रांग सरकली. मग त्यांनी हणमंतप्पांना आणि त्यांच्या पत्नी लिंगम्मांना समोर बसवून व्याख्यान दिले. कोणी विचारले, तर हवे ते स्पष्ट सांगावे, संकोच करू नये. लिंगम्मांनी ते फार मन लावून ऐकले.

दुपारी दुकानामागच्या घरात ताट वाढले गेले. ज्वारीची गरम भाकरी, शेंगाची चटणी. पहिली भाकरी कुठे गेली ते उद्धवरावांना कळलेही नाही.

"अजून एक भाकरी, सर?"

"नको अक्का, पुरे," रीतीप्रमाणे ते म्हणाले, आणि रीतीप्रमाणेच त्यांनी ताट किंचित पुढे सरकवले.

"बरं," म्हणून लिंगम्मांनी दुरडी उचलली आणि आत नेली.

उद्धवराव बराच वेळ दाराकडे पाहत राहिले. दुरडी परत आली नाही.

पुढच्या आठवड्यात बाजारातल्या नऊ दुकानांत प्रोग्राम बसला, तो नव्या पडद्यासह. 'किमान' निवडले की संगणक म्हणे, 'एवढंच? असं कसं? आणखी घ्या.' पुन्हा नको म्हटले, तर पुन्हा आग्रह. तिसऱ्या आग्रहाला सारे आडतदार 'संपूर्ण'वर आले. कोणाचीच चिठ्ठी अडली नाही.

हणमंतप्पांनी कौतुकाने विचारले, "सर, याला केवढा अभ्यास लागला असंल?"

"एका भाकरीएवढा," उद्धवराव म्हणाले.