सात नंबरची वाट: झऱ्यांनी समृद्ध

"या जंगलातली एकही पायवाट मला अनोळखी नाही!" असं वाटाडे दिवसातून तीनदा म्हणत. ते खोटंही नव्हतं. फक्त या सगळ्या ओळखी कागदावरच्या होत्या.

वाटाडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. राष्ट्रीय वनाच्या कार्यालयात ते वरिष्ठ लिपिक. हौशी भटक्यांसाठी त्यांनी पायवाटांची माहितीपुस्तिका लिहिली आणि तेव्हापासून हे नाव चिकटलं. पुस्तिका लिहिली कशी? पंख्याखाली, चपला टेबलाखाली काढून, मांडी ठोकून! नकाशावर दोरा ठेवायचा, दोरा पट्टीवर मोजायचा, की झालं अंतर. घरापासून बसथांब्यापर्यंत जायला जेवढी मिनिटं लागतात, त्या प्रमाणात वेळ. राहता राहिल्या नकाशावरच्या नागमोडी तपकिरी रेषा. ते झरे असणार, हे वाटाड्यांनी कुणालाही न विचारता ओळखलं. सात नंबरच्या वाटेवर तर रेषांची नुसती झुंबड! त्यांनी ठोकून दिलं, 'झऱ्यांनी समृद्ध. पाण्याचं ओझं बाळगू नये. दोन तासांची रमतगमत फेरी. ज्येष्ठांसाठी उत्तम.'

ही शेवटची ओळ सासूबाईंनी वाचली आणि घात झाला.

"मी ज्येष्ठ आहे," वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी सासूबाई बुटांच्या नाड्या आवळत म्हणाल्या. "जावईबापू, रविवारी निघायचं!"

"आई, माझी कंबर..."

"अहो, दोन तासांचं तर आहे," बायको म्हणाली. "तुम्हीच लिहिलंय ना?"

रविवारी सकाळी तिघं निघाले. पाण्याची बाटली एकच. वाटाड्यांनी दुसरी पिशवीत घालायला घेतली, तर सासूबाईंनी पुस्तिका उघडून बोट ठेवलं, "ओझं बाळगू नये!"

दोन तास झाले. तीन झाले. 'रमतगमत' वाट आता हातापायांवर चढावी लागत होती. बाटली केव्हाच उपडी झाली होती. वाटाड्यांचा श्वास भात्यासारखा चालला होता, बायको मुकाट्याने चालत होती (हे लक्षण जास्त वाईट!), आणि सासूबाई पुढून ओरडत होत्या, "झरे कुठल्या बाजूला, जावईबापू?"

"जरा पुढे, आई!"

पुढे झरा नव्हता. एक दातांचे डॉक्टर होते. एका दगडावर बसून, बूट काढून, सुजलेल्या घोट्याला पुस्तिकेनं वारा घालत होते.

"हे ज्या महाभागानं लिहिलंय ना," डॉक्टर दात खाऊन म्हणाले, "त्याला मला एकदा खुर्चीत बसवायचंय. दाढ काढीन. भूल न देता!"

"अगदी बरोबर!" वाटाडे घाईघाईने म्हणाले. "असल्या लोकांना सोडता कामा नये. एक काय, दोन दाढा काढा!"

"तोंड सांभाळा!" सासूबाई कडाडल्या. "आमच्या जावईबापूंनी लिहिलंय ते पुस्तक! या जंगलाचा कोपरा न् कोपरा पाठ आहे त्यांना. हो की नाही हो?"

डॉक्टरांनी वाटाड्यांकडे असं पाहिलं, की वाटाड्यांची जीभ आपोआप मागच्या दाढेवर गेली.

"असं होय? मग चला साहेब, दाखवा झरा. मी लंगडत येतो मागून."

वाटाडे पुढे झाले. झाडी संपली आणि समोर उभा ठाकला एक काळाकभिन्न कडा. सरळ, भिंतीसारखा. नकाशाप्रमाणे इथे एकवीस झरे होते.

"झरा... वर असणार," वाटाडे म्हणाले. तीन माणसांसमोर, त्यात एक सासू, माघार घ्यायची म्हणजे काय! त्यांनी एका खाचेत पाय घातला, दुसऱ्या खाचेत घातला, आणि दोन पुरुष उंचीवर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आता वरही जाता येत नाही आणि खालीही येता येत नाही.

"जावईबापू, दिसतंय का पाणी?"

पाणी दिसत होतं, पण ते डोळ्यांत.

"अहो, उतरा ना!" बायकोचा आवाज पहिल्यांदाच कापला. "नकोय मला झरा! मला तुम्ही हवे आहात!"

एवढ्यात झाडाखालून खांद्यावर दोर आणि हातात पाण्याचा कॅन घेतलेला वनरक्षक सावकाश चालत आला.

"पुस्तक वाचून आलात ना?" त्यानं विचारलं. "दर रविवारी इथेच बसतो मी. गेल्या रविवारी नऊ माणसं उतरवली."

त्यानं वाटाड्यांना दोरानं उतरवलं, सगळ्यांना पाणी पाजलं आणि नकाशा पसरून समजावलं, "साहेब, हे झरे नाहीत. या उंचीच्या रेषा. जितक्या दाट, तितका चढ उभा. इथे रेषाच रेषा आहेत, म्हणजे हा कडा!"

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. मग कॅन तोंडाला लावून पुष्कळ वेळ पाणी प्यायल्या.

सोमवारी डॉक्टरांची तक्रार कार्यालयात पोचली. वाटाड्यांनी खिशात राजीनामा ठेवला आणि साहेबांसमोर उभे राहिले.

"आरोप गंभीर आहे," साहेब म्हणाले. "लेखकानं एकही वाट पायाखाली घातलेली नाही, म्हणे. पण खाली डॉक्टरच लिहितात, 'लेखक कड्याला पालीसारखे चिकटलेले मी स्वतः पाहिले.' म्हणजे तुम्ही तिथे होतात! आरोप आपोआप खोटा ठरला."

वाटाड्यांना हायसं वाटलं.

"उलट, चौकशी केल्यावर कळलं, की या अख्ख्या कार्यालयात एखाद्या वाटेवर प्रत्यक्ष चाललेले तुम्ही एकटेच! तेव्हा उरलेल्या सदतीस वाटांची पायी पाहणी तुमच्याकडे. उद्यापासून."

"साहेब, एकट्यानं?"

"छे छे! सोबतीला स्वयंसेवक दिलाय. आज सकाळी नऊलाच अर्ज घेऊन दारात हजर होत्या. तुम्हाला चांगलं ओळखतात म्हणे. जाताना एक निरोप ठेवून गेल्यात," साहेबांनी चिठ्ठी वाचली, "'जावईबापूंना सांगा, बाटल्या ते उचलतील.'"