सांगा त्यांना

बापू टिपणिसांनी घरी केलेली एकही वस्तू कधी धड झाली नाही. नौपाड्यात ते आमच्या समोरच्या बिऱ्हाडात राहायचे. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, अंगानं काटकुळे आणि हौस मात्र दांडगी. थंडी सरली, बायकांनी रजया धुऊन वाळत घातल्या, मागच्या शेवग्याला फुलं आली की बापूंचे हात शिवशिवायला लागायचे. मग गॅलरीत रंधा, पटाशी, सरसाचं डबडं असा सगळा संसार मांडला जायचा. एका फाल्गुनात त्यांनी चिमण्यांसाठी घर केलं. त्याचं भोक एवढं मोठं, की दोन दिवसांत आत मांजर जाऊन बसलं. पुढच्या वर्षी रेडिओ जुळवला. तो उताणा ठेवला तरच बोलायचा.

या कारागिरीचा मला त्रास नव्हता. माझा वैताग वेगळाच होता. बापूंबरोबर त्यांचे थोरले भाऊ अण्णा राहायचे. निवृत्त ड्रॉइंग मास्तर, विधुर, कपड्यांना कडक इस्त्री आणि जिभेलाही. दोघं भाऊ एका छपराखाली राहत, एकाच कुकरमधला भात खात आणि पाच-सहा वर्षं एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. भांडण त्यांच्या आईच्या पेटीवरून झालेलं. बापूंनी ती कुणा भजनी मंडळाला वाजवायला दिली आणि ती भाता फाटून, सूर मोडून परत आली. आईला जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. अण्णांनी पेटीकडे पाहिलं, बापूंकडे पाहिलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

अबोला त्यांचा, हमाली माझी. लग्न होऊन मी त्या गॅलरीत आले तेव्हापासून ही नोकरी मला लागली, तीही बिनपगारी. माझे हात कणकेत असताना अण्णा दारात येऊन उभे राहायचे.

"वहिनी, सांगा त्यांना, आमटीत मीठ नाही."

'ते' समोरच्याच स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायचे. मी ओरडायची, "बापू, आमटीत मीठ नाही." मी सांगेपर्यंत बापूंना काही म्हणजे काही ऐकू आलेलं नसायचं. मग लाटणं थांबवून म्हणायचे, "असं होय? सांगा त्यांना, उद्या घालतो."

"पोस्टाला निदान रविवारी सुट्टी असते," माझा नवरा म्हणायचा.

मोडलेली पेटी बापूंनी घरीच दुरुस्त केली, म्हणजे कशी ते सांगायला नको. संध्याकाळी वाजवायला बसले की गंधार नेमका उतरलेला. अण्णांचा कान तयार होता. ते आधी खिडकी लावायचे, मग दार लावायचे आणि शेवटी माझ्याकडे यायचे. "सांगा त्यांना, गंधार जरा वर घ्या म्हणावं. शेजारीपाजारी माणसं राहतात." दुसऱ्या दिवशी गंधार ठीक व्हायचा आणि धैवत बिघडायचा.

एका वर्षी माघ संपता संपता बापूंनी ते नोकरीला होते त्या कंपनीतल्या परदेशी कॅलेंडरवर एक चित्र पाहिलं आणि ते पानच घरी घेऊन आले. निळीशार लाट, लाटेवर फळी आणि फळीवर उभा असलेला उघडाबंब माणूस.

"याला सर्फिंग म्हणतात, वहिनी. माणूस पाण्यावर उभा राहतो."

"आणि तुम्ही कुठे उभे राहणार?"

"कोलशेतला, खाडीत," बापू म्हणाले.

कोलशेतचे हिराजी कोळी आमच्याकडे कोलंबी घेऊन यायचे. बापूंनी त्यांना चित्र दाखवलं. हिराजींनी ते लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. "खाडी हाय ही, बापू, दर्या नाय. लाट कुठशी आणू? रेतीची बोट जाते तवा पानी हलतं, तेवढंच."

"तेवढं पुरे," बापू म्हणाले.

मशिनच्या खोक्यांच्या फळ्या आल्या. पोटात थर्माकोल, वरून कॅनव्हास, सांध्यांना डांबर. येता-जाता सगळी बिल्डिंग "काय बापू, कधी निघणार?" म्हणून विचारायची. फळीच्या खाली शेपटीकडे माशासारखा एक पर असतो, तो बापूंनी पुढच्या टोकाला ठोकला. अण्णा दोन दिवस तो बघत होते. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. "सांगा त्यांना, माशाला शेपूट तोंडाला नसतं."

त्याच आठवड्यात बापूंच्या कंपनीतला एक माणूस मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला. बापू बाहेर गेलेले, म्हणून आमच्याकडे बसला. गॅलरीतली फळी बघून त्यानं कपाळाला हात लावला. "हे टिपणीससाहेबांनी केलंय? ताई, साचे-हत्यारं बनतात त्या टूलरूममध्ये साहेब केसाएवढा फरक चालवून घेत नाहीत हो. तयार झालेला जॉब पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात."

बापू आल्यावर मी त्यांना धरलंच. ते फळी घासत राहिले.

"चूक दिसली की माणूस बोलतो, वहिनी," ते म्हणाले. "बरोबर असलं की बघतो आणि निघून जातो."

"पण बोलतात ते माझ्याशी."

"हो ना. लहानपणापासून मला 'अरे बापू' म्हणणारी घरात दोनच माणसं. आई गेली. दुसऱ्यानं एकदा म्हणावं, एवढंच आहे." मग फुंकर मारून त्यांनी भुसा उडवला आणि मला चहाचं विचारलं.

होळीनंतरच्या रविवारी, उधाणाची भरती बघून, हातगाडीवर फळी निघाली. बापू हातगाडीबरोबर चालत, आम्ही नवरा-बायको रिक्षात. अण्णा इस्त्रीचा पायजमा घालून आधीच रिक्षात बसलेले. "माझं कोलशेतला काम आहे," ते म्हणाले. अण्णांचं कोलशेतला काम म्हणजे माझं लंडनला काम.

हिराजींची होडी जवळ ठेवून बापू पाण्यात उतरले. पर आता मागे होता. रेतीची बोट धापा टाकत गेली आणि तिच्यामागून पाण्याच्या दोन-चार वळ्या सरकत आल्या. बापू फळीवर खांबासारखे ताठ उभे राहिले आणि खांबासारखेच आडवे झाले.

धक्क्यावर अण्णा माझ्याकडे वळले. "सांगा त्यांना, गुडघे वाकवा म्हणावं."

शाळेत चौथीच्या साठ पोरांना मी रोज मैदानाच्या या टोकावरून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडते. मी अण्णांना म्हटलं, "माझा आवाज नाही पोहोचायचा तिथवर."

अण्णांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो गळा धरून खोकला. दुसरी बोट येत होती. बापू पुन्हा फळीवर चढत होते, पाय पुन्हा तसेच ताठ. अण्णांचे ओठ हलले, मिटले. मग ते धक्क्याच्या कडेला गेले.

"अरे बापू, गुडघे वाकव, गाढवा."

बापू जागच्या जागी थांबले. त्यांनी कानामागे हात धरला. "काय?"

"गुडघे. गुडघे वाकव, बापू."

बापूंनी गुडघे वाकवले. पाणी उचललं गेलं आणि आमचे बापू त्या मळकट खाडीवर, त्या कॅलेंडरातल्या माणसासारखे, खरोखर उभे राहिले. ते आता सरळ काठाला येतील असं मला वाटलं. तर त्यांनी अण्णांकडे एकदा नीट पाहिलं, पाय खांबासारखे ताठ केले आणि धप्पकन पाण्यात पडले.

अण्णा पायजमा वर धरून चिखलात उतरले होते. "अरे बापू, किती वेळा सांगू तुला?" बापू पुन्हा चढले, पुन्हा पडले. अण्णा घोटाभर, मग गुडघाभर चिखलात, आणि सांगायचं थांबवत नव्हते.

होडी काठाला लावून हिराजी माझ्याजवळ आले. "ताई, बापूंना ऐकू कमी येतं का?"

"हो," मी म्हटलं. "जरा कमीच येतं."